चिऊचा गुरुवार

मुलांनो, घटक चाचणीचे पेपर मिळाले का? आईबाबांना दाखवलेत ना? नसतील दाखवले तर आधी दाखवून या आणि मग हे पान वाचा. मी थांबते.

झालं? छान! आज मी तुम्हांला माझ्या वर्गातल्या एका मुलीची गोष्ट सांगणार आहे. तिचं खरं नाव काही मी सांगणार नाही. आपण तिला चिऊ म्हणू या. चिऊ चौथीत आहे. आमची शाळा साडेतीनला सुटते. एरवी चिऊ रिक्षाकाकांबरोबर घरी जाते, पण दर गुरुवारी तिची आई तिला न्यायला येते. साडेतीन ते पाच या वेळात त्या दोघींना एके ठिकाणी जायचं असतं. कुठं? ते मला ठाऊक आहे, पण तेही मी सांगणार नाही. रागावू नका हं. का सांगत नाही, ते लेख संपेपर्यंत तुमचं तुम्हांलाच कळेल.

तर एका गुरुवारी काय झालं, शाळा सुटली, रिक्षा गेल्या, फाटकाजवळचा भेळवालासुद्धा गेला, आणि चिऊ आपली दप्तर पाठीला लावून पायरीवर बसलेली. चार वाजले. सव्वाचार झाले. तिच्या आईला मी दोनदा फोन केला, पण तो बंद. मग मी चिऊशेजारी जाऊन बसले. आम्ही गावांच्या नावांच्या भेंड्या खेळलो. ‘र’ आला. रत्नागिरी झालं, राजापूर झालं, रावेर झालं, तरी आईचा पत्ता नाही! पाच वाजता वाजता आई धापा टाकत आली. चिऊ काही बोलली नाही. रडलीही नाही. नुसती दप्तराचा पट्टा ओढत राहिली. रडणाऱ्या मुलाची समजूत काढता येते हो, पण गप्प बसलेल्या मुलाची कशी काढायची?

“काय सांगू बाई,” तिची आई म्हणाली, “ऐन तीनला साहेबांनी मीटिंग लावली. फोन बाहेर ठेवून जावं लागतं. मी कॅलेंडरमध्ये लिहून ठेवलं होतं हो! पण सगळ्यांना मी मोकळीच दिसत होते.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चिऊ माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, “बाई, आईच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला गुरुवार कळत नाही का?”

प्रश्न चौथीतल्या मुलीचा आणि उत्तर बाईंना येईना! मग काय, मीच विद्यार्थिनी झाले. चिऊच्या आईला विचारलं, तिच्या ऑफिसात ही यंत्रं सांभाळणाऱ्या एका दादांना फोन करून करून पिडलं, जमेल तेवढं वाचून काढलं. त्यातून जे कळलं ते आज तुम्हांला सांगते.

आधी आपली शाळाच घेऊ. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत भिंतीवर सगळ्या शिक्षकांचं मोठं वेळापत्रक लावलेलं असतं. एखादे सर रजेवर असले की बाई त्याच्यासमोर उभ्या राहतात, तिसऱ्या तासाला कोण मोकळं आहे ते बोट फिरवून शोधतात आणि शिपाईमामांच्या हाती बदली तासाची वही पाठवतात. मोकळ्या तासाला ती वही येताना दिसली की आम्हां शिक्षकांच्या पोटात कसा गोळा येतो म्हणून सांगू! ही गंमत तुमच्याआमच्यातच ठेवा.

पण शाळेत शिक्षक वीस-पंचवीस, आणि वेळापत्रक वर्षभर बहुधा तेच. मोठ्या ऑफिसात माणसं शेकड्यांनी, कधी हजारांनी. शिवाय प्रत्येकाचं वेळापत्रक रोज निराळं! तिथं भिंत कशी पुरणार? म्हणून तिथं हे काम ई-मेलचा सर्व्हर करतो.

सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालू असणारा, दुसऱ्या कॉम्प्युटरांची कामं करून देणारा कॉम्प्युटर. पूर्वी तो ऑफिसातच एखाद्या थंडगार खोलीत असे. आता बऱ्याच कंपन्यांचे सर्व्हर दूर कुठंतरी मोठ्या डेटा सेंटरमध्ये असतात. ऑफिसात प्रत्येकाच्या नावाची एक पेटी या सर्व्हरवर असते. तिच्यात कप्पे असतात. आलेल्या पत्रांचा एक, पाठवलेल्या पत्रांचा एक, आणि असाच एक कप्पा असतो कॅलेंडरचा. ‘मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज’ हा अशा कामासाठी १९९६ साली आलेला आणि खूप ठिकाणी वापरला गेलेला सर्व्हर. त्याचंच उदाहरण घेऊन पुढं जाऊ.

कॅलेंडरच्या कप्प्यात आपण एक नोंद केली, की तिच्यात काय काय असतं? विषय असतो. किती वाजता सुरू, किती वाजता संपणार, हे असतं. ठिकाण असतं, बरोबर कोण कोण ते असतं. आणि या सगळ्यांबरोबर एक छोटासा प्रश्न असतो, ‘ही वेळ इतरांना कशी दाखवू?’ त्याची मुख्य उत्तरं चार. ‘मोकळा’, ‘अजून नक्की नाही’, ‘कामात’ आणि ‘ऑफिसबाहेर’. कुणी मीटिंगचं बोलावणं पाठवलं आणि तुम्ही अजून हो-नाही काहीच कळवलं नाही, तर सर्व्हर ती वेळ सहसा ‘अजून नक्की नाही’ म्हणून धरून ठेवतो.

आता गंमत बघा. कॉम्प्युटरला शब्दांपेक्षा आकडे सोपे. म्हणून मोकळ्यासाठी ०, नक्की नसेल तर १, कामात असेल तर २ आणि बाहेर असेल तर ३. मग दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला एक आकडा द्यायचा. समजा, एका काकांना दहा ते अकरा काम आहे, अकरा ते बारा मोकळीक आहे, आणि बारा ते साडेबाराचं अजून ठरायचं आहे. मग त्यांचे दहा ते साडेबारा हे अडीच तास असे दिसतील: २२००१. झाली की नाही सगळी सकाळ पाच आकड्यांत?

पण या आकड्यांत काय नाही, ते सांगा बरं! मीटिंग कशाबद्दल, ते नाही. कुठं, ते नाही. कुणाबरोबर, ते नाही. दहा ते अकरा काका साहेबांशी बोलत असतील, दातांच्या डॉक्टरांकडं असतील, नाहीतर मुलाच्या शाळेत पालकसभेला बसले असतील. आकडा तोच, २!

इथंच मला आमच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरकाकांची आठवण झाली. त्यांच्या वहीत सगळ्या पेशंटांची नावं असतात, काय दुखतंय तेही असतं. पण आपण फोन केला की ते एवढंच म्हणतात, “साडेसहाला जमणार नाही, पावणेसातला या.” साडेसहाला कोण येणार आहे, त्याला काय झालंय, यातला एक शब्द सांगत नाहीत. आपल्यालाही तो कळण्याची गरज नसते. सर्व्हरही अगदी असाच वागतो. त्याच्या पेटीत सगळं असतं, पण कुणी विचारलं की नेहमीच्या मांडणीत तो फक्त ‘मोकळा’ की ‘कामात’ एवढंच सांगतो. बाकीच्या बाबतीत हाताची घडी, तोंडावर बोट!

अर्थात, पेटीच्या मालकाला वाटलं तर तो आणखी दार उघडू शकतो. एखाद्याला फक्त वेळ दिसू द्यायची, एखाद्याला विषय आणि ठिकाणही, आणि एखाद्या अगदी जवळच्या सहकाऱ्याला सगळी नोंद. किती दार उघडायचं हे त्याला ठरवता येतं. बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरनं येऊन विचारलं, तर दोन्ही कंपन्यांचं आधी तसं ठरलेलं असावं लागतं. उगाच वाटेवरच्या कुणालाही उत्तर मिळत नाही.

आता तुमच्यातला एखादा हुशार हात वर करील, “बाई, सर्व्हर हे आकडे आधीच लिहून ठेवतो, की कुणी विचारल्यावर पेटीत बघतो?” फार चांगला प्रश्न! सुरुवातीच्या काळात आधी लिहून ठेवण्याची पद्धत होती. एक्स्चेंजबरोबर वापरायचा ‘आउटलुक’ नावाचा कार्यक्रम दर पंधरा मिनिटांनी आपल्या मालकाच्या मोकळ्या आणि भरलेल्या वेळांची एक नक्कल सर्वांसाठीच्या एका कप्प्यात नेऊन ठेवायचा. नेहमीच्या मांडणीत पुढच्या दोनच महिन्यांची. म्हणजे शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यासारखंच झालं. फळा पुसून नवं लिहीपर्यंत जुनंच दिसणार! मधल्या वेळात काही बदललं तर चूक होणार. म्हणून एक्स्चेंज २००७ या आवृत्तीपासून रीत बदलली. कुणी विचारलं की सर्व्हर त्याच क्षणी मूळ कॅलेंडरच्या कप्प्यात डोकावतो आणि ताजं उत्तर देतो. आणि पेटीपर्यंत पोचताच आलं नाही, तर तो ‘मोकळा’ म्हणत नाही, ‘माहिती नाही’ म्हणतो. मला हे फार आवडलं. उत्तर माहीत नसताना ठोकून देणारे आपल्या वर्गात किती आहेत, सांगू का?

पण जगात सर्व्हर काही एकाच जातीचे नसतात. वेगवेगळ्या कंपन्यांचे असतात. मग त्यांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचं? त्यासाठी नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘आय-कॅलेंडर’ नावाचे सर्वांसाठीचे नियम प्रसिद्ध झाले. २००९ साली ते सुधारून पुन्हा लिहिले गेले. या नियमांत पूर्ण नोंद पाठवायचा एक नमुना आहे आणि नुसत्या मोकळ्या-भरलेल्या वेळा पाठवायचा दुसरा, अगदी वेगळा नमुना आहे. बघा, कारण सांगणं आणि वेळ सांगणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

याच नियमांतल्या दोन गमती तुमच्या पुस्तकातल्याच आहेत. पहिली भूगोलातली. मोकळ्या-भरलेल्या वेळा पाठवताना घड्याळ आपलं लावायचं नाही, जगाची प्रमाणवेळ लावायची. आपण तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढं. म्हणजे चिऊचा गुरुवारचा साडेतीनचा ठोका सर्व्हर सकाळचे दहा म्हणून पाठवील. टोकियोतला कॉम्प्युटर त्यात आपले नऊ तास मिळवून संध्याकाळचे सात दाखवील. घड्याळं तीन, वेळ मात्र तीच!

दुसरी गंमत विज्ञानातली. पारदर्शक आणि अपारदर्शक पदार्थ शिकलात ना? काचेतून मेणबत्तीची ज्योत दिसते, पुठ्ठ्यातून दिसत नाही. आय-कॅलेंडरच्या नियमांत प्रत्येक नोंदीला अशीच खूण करता येते आणि तिथं वापरलेल्या इंग्रजी शब्दांचा अर्थही अगदी हाच. अपारदर्शक नोंद पुठ्ठ्यासारखी. तिनं वेळ झाकली जाते आणि इतरांना ‘कामात’ असं दिसतं. पारदर्शक नोंद काचेसारखी. ती असते, पण तिच्या आरपार वेळ मोकळीच दिसते. मावशीचा वाढदिवस कॅलेंडरात लिहिला म्हणून काही दिवसभर काम बंद नसतं ना? मग तो काचेवर लिहायचा.

आणि मुलांनो, इथंच मला चिऊच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं!

चिऊच्या आईनं दर गुरुवारी नोंद केली होती हे अगदी खरं. पण साडेतीन ते पाच अशी वेळ घालून केली नव्हती. नुसतं त्या दिवसाच्या डोक्यावर ‘चिऊ’ एवढंच लिहिलं होतं. म्हणजे ती दिवसभराची नोंद झाली. आणि बऱ्याच कॅलेंडर कार्यक्रमांत दिवसभराची नोंद आपण वेगळं काही सांगितलं नाही, तर ‘मोकळा’ म्हणूनच धरली जाते. वाढदिवस, सण, जयंत्या अशाच लिहितात ना, म्हणून. बिचारीनं चिऊला काचेवर लिहिलं! साहेबांनी दुपारी बघितलं तेव्हा त्या काचेतून त्यांना साडेतीनचा रिकामा तुकडा दिसला आणि त्यांनी बोलावणं पाठवून दिलं. कॉम्प्युटरला गुरुवार कळत होता, पण तो भरलेला आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी चिऊच्या आईला विचारलं, “अहो, पण तुम्ही वेळ घालून का नाही लिहिलंत?”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “बाई, मला वाटलं, वेळ घातली, ठिकाण घातलं, की सगळं ऑफिस वाचणार. कुठं जाता, कशाला जाता, चिऊला काय झालंय, असं दहाजण विचारणार. म्हणून मी कुणाच्या डोळ्यांत येणार नाही असं लिहिलं. आणि मीटिंगला नाही म्हणावं, तर चारचौघांत कारण सांगावं लागलं असतं.”

पाहिलंत? जे लपवायचं म्हणून तिनं वेळ लिहिली नाही, ते तर सर्व्हर लपवतच होता! तिनं साडेतीन ते पाच एवढं सरळ लिहिलं असतं, तर इतरांना दिसले असते ते फक्त तीन आकडे. २२२. बस्स. आणि कारण? ते तिच्या पेटीत, तिच्यापाशी.

मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी ऑफिसातल्या त्या दादांकडून आपल्या पेटीची मांडणी तपासून घेतली. कुणाला काय दिसतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, आणि मगच नोंद बदलली. हेही बरोबर केलं हो. काही ऑफिसांत मांडणी वेगळी केलेली असू शकते, म्हणून नुसत्या विश्वासावर न राहता एकदा बघून घेतलेलं बरं.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. मुलाचं स्नेहसंमेलन, पालकसभा, आजीचा डोळे तपासायचा दिवस, या गोष्टी आपण मनात लिहितो आणि कॅलेंडरात लिहिताना संकोचतो. मनातलं सर्व्हरला दिसत नाही. जी वेळ लिहिली नाही ती रिकामी दिसते आणि रिकामी जागा कुणीतरी भरतंच. तेव्हा त्या वेळाही साहेबांच्या मीटिंगइतक्याच ठळक लिहा.

आणि मुलांनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट आहे. सर्व्हर कितीही गप्प बसला, तरी दर गुरुवारी साडेतीनला एक बाई कामात असतात, हे तर चार लोकांना दिसणारच. मग कुणी तर्क करणार, कुणी खोदून खोदून विचारणार. ते थांबवणं यंत्राच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. तुमचा मित्र म्हणाला, “आज मला खेळायला जमणार नाही,” तर “का? का? का?” म्हणून त्याच्या मागं लागू नका. “बरं, मग उद्या येशील का?” असं विचारा. त्याला सांगावंसं वाटलं तर तो आपणहून सांगेल.

आता मला सांगा, चिऊ गुरुवारी कुठं जाते ते तुम्हांला अजून कळलं का? नाही ना? त्यावाचून काही अडलं का? तिची आई उशिरा आली तेव्हा तुम्हांला वाईट वाटलंच की!

त्यानंतरच्या गुरुवारी शाळा सुटली तेव्हा चिऊची आई फाटकाशी उभी होती. साडेतीनला पाच मिनिटं कमी होती. चिऊ धावत गेली आणि मला टाटा करायलाही विसरली! तिच्या वहीच्या पहिल्या पानावर वेळापत्रक आहे. त्यात गुरुवारच्या रांगेत शेवटी तिनं लाल पेन्सिलीनं २२२ असं लिहून ठेवलंय. शेजारी बसणारी मैत्रीण विचारते, “हे काय गं?” चिऊ नुसती हसते.

करून बघा: तीन काकांना अर्धा तास भेटायचं आहे. सकाळी दहा ते दुपारी एक या वेळातले अर्ध्या-अर्ध्या तासाचे आकडे असे आहेत. पहिले काका २२००१०, दुसरे काका ०२२०००, तिसरे काका ०००२२०. तिघांनाही नक्की जमेल अशी वेळ कोणती? आकडे एकाखाली एक मांडा, म्हणजे लगेच सापडेल. मग घरातल्या सगळ्यांचे रविवारचे आकडे मांडा आणि एकत्र बसून जेवायची वेळ शोधा. सापडली तर मला पत्रानं कळवा. नाही सापडली, तर आधी आईबाबांना दाखवा!

(उत्तर: साडेबारा ते एक.)